मंजिरीवर कोण होतं

दोन हजार पाच साल. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी देवघराच्या खालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरले होते आणि माझी नणंद कुमुद मागे बॅटरी धरून उभी होती. डबा आत मावत नसेल तर आत्ताच सांग, रिक्षा अजून खाली उभी आहे, असं तिने दोनदा बजावलं.

"मावतोय," मी आतून म्हणाले. "उदबत्तीचे पुडे आणि कापराची बरणी बाहेर घे. आणि दाराकडे लक्ष ठेव. तुझा दादा चारला वाचनालयातून निघतो."

"आला तर काय सांगू?"

"सांग, वहिनी देवघर साफ करतेय. खोटं आहे का?"

डबा म्हणजे सबवूफर. गाण्यातले अगदी खालचे, घुमणारे आवाज तेवढे वाजवणारा काळा चौकोनी खोका. त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो. कुमुदच्या जावयाने कधीतरी होम थिएटर घेतलं होतं, त्याचे बाकीचे स्पीकर जळाले आणि हा एकटा माळ्यावर पडून होता. सांगलीहून मिरजेला तिने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला. रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा शिवणयंत्र म्हणून सांगितलं.

आता हे कशासाठी, ते मुळापासून सांगायला हवं.

आमचे हे कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते, पण ते पोटापाण्यापुरतं. जीव सगळा गाण्यात. स्वतः गात नसत, हे माझं नशीब. ऐकत. आणि ऐकायला जे काही लागतं ते घरी बनवत. लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले, त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी स्पीकरची दोन खोकी केली. खोकी कसली, कपाटंच ती. माझ्या खांद्याला लागतील एवढी उंच, दुहेरी प्लायवूडची, आणि दोन फळ्यांच्या मध्ये कृष्णेची वाळू ठासलेली, का तर गाणं वाजताना खोक्याने स्वतः थरथरू नये. समोरच्या खोलीला एकच खिडकी. खोकी बरोब्बर तिच्यापुढे उभी राहिली, कारण दुसरीकडे ठेवली तर म्हणे डग्गा घुमत नाही. एकतीस वर्षं मी त्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावून गहू निवडले. फटीतून वाळू गळायची ती वेगळीच. पाहुण्यांना वाटायचं, आमच्याकडे नेहमी बांधकाम चालू असतं.

निवृत्तीनंतर आम्ही मिरजेतच फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला मोठी खिडकी, आणि खिडकीसमोर एका तंबोरे करणाऱ्याची गच्ची. तिथे भोपळे वाळत घातलेले असायचे, आणि त्या घरातल्या सासूसुना भोपळे उलटेपालटे करता करता जे बोलायच्या ते ऐकण्यासारखं असायचं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, या खिडकीत माझी खुर्ची राहील आणि ती खोकी या घराचा उंबरा ओलांडणार नाहीत. ह्यांनी हो म्हटलं. खोकी गेली कुमुदच्या व्हरांड्यात, पांढऱ्या चादरी पांघरून. कुमुद म्हणायची, येणारा जाणारा दारातच चप्पल काढतो आणि हळू आवाजात विचारतो, कोण गेलं?

पण ह्यांना गाण्याशिवाय ठेवायचा माझा विचार नव्हता. आमचा अशय सिंगापूरला नोकरीला होता. त्याला सांगून मी चपटे स्पीकर मागवले, पॅनेल म्हणतात ती. फोटोच्या चौकटीएवढे जाड, राखाडी कापड लावलेले दोन पत्रे म्हणा ना. भिंतीवर खिळ्याला टांगले की झालं. ह्यांनी ओळंबा लावून ते टांगले, घरातला सगळ्यात लहान ॲम्प्लिफायर त्यांना जोडला, एक टेप लावली आणि पाच मिनिटांनी बंद केली.

"तबलजी एकाच हाताने वाजवतोय," हे म्हणाले. "दुसऱ्या हाताने चहा पीत असेल."

त्यानंतर त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडले नाहीत. हॉलमध्ये बसून वर्तमानपत्र वाचायचे, अगदी जाहिरातींसकट. पावसाळा सबंध तसाच गेला. मला खिडकी मिळाली होती, पण मुक्या घरात खिडकीत तरी किती बसणार? आणि धास्ती होती ती निराळीच. एकदा ह्यांना मोजपट्टीने खिडकीची रुंदी घेताना मी पकडलं. म्हणाले, पडद्यांसाठी बघतोय. ज्या माणसाने जन्मात पडद्याचं कापड हातात धरलं नाही तो पडद्यांसाठी बघत होता. त्या हॉलमध्ये खोकी उभी राहण्याजोगी जागा एकच होती, आणि तिथे माझी खुर्ची होती.

शेवटी तड लावली मुजावर मास्तरांनी. ह्यांचे दोन जुने सोबती होते. एक निमकर वकील. आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, असं निदान निमकर वकिलांचं मत होतं. ते ऐकायला बसण्याआधी उपरण्याने दोन्ही स्पीकरपासून आपल्या खुर्चीचं अंतर मोजून घ्यायचे. दुसरे मुजावर मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे आणि तरुणपणी मैफलींत तबल्याची साथ करायचे. बोलायचे कमी, आणि बोलले की आपण हसायचं की नाही हे समजायला जरा वेळ लागायचा. ह्यांची तक्रार त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "अण्णा, कुस्ती लावायची तर जोड बरोबरीची पाहिजे. तुम्हीच सांगता, पातळ पॅनेलला ताकद जास्त लागते. आणि त्यांच्या मागं उभा केलाय हा पाप्याचा पितर. मोठा ॲम्प्लिफायर आणा, मग बोला."

चोरी पकडली गेली तसे हे खाली बघायला लागले. पॅनेल नापास व्हावीत म्हणूनच त्यांनी तो चिमुकला ॲम्प्लिफायर लावला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मग असं ठरलं की खोक्यांबरोबर कुमुदकडे गेलेला मोठा ॲम्प्लिफायर आणायचा आणि नवरात्रातल्या रविवारी फैसला करायचा. पंच निमकर वकील. टेप ह्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेली, चौऱ्याहत्तर सालच्या एका मैफलीतलं शेवटचं भजन, तबल्यावर मुजावर मास्तर. पॅनेल पास झाली तर खोकी विकायची. नापास झाली तर खोकी दसऱ्याला घरात.

मोठ्या ॲम्प्लिफायरने पॅनेलच्या अंगात जीव आला खरा, पण डग्गा काही आला नाही. तो येणारही नव्हता. एवढ्याशा पातळ पत्र्याने हवा हलवून हलवून किती हलवायची? हे मनातल्या मनात खूश होते. म्हणून मी कुमुदला फोन केला. तिलाही व्हरांडा मोकळा हवाच होता.

तर देवघरात. खालच्या कपाटाला जाळीची दारं होती, आवाज बाहेर यायला आयती सोय. दिव्यांच्या माळेसाठी मी शोकेसच्या मागून एक वायर नेली होतीच, तिच्या शेजारून दुसरी ॲम्प्लिफायरपर्यंत गेली. मग आम्ही दोघींनी तीच भजनाची टेप लावली.

कुमुदने पहिल्याच झटक्यात बटण पुरतं फिरवलं आणि विसर्जनाची मिरवणूक घरात शिरली. ते कमी केलं तर दुसरीच भानगड. गाणं आणि तबल्याची चाट भिंतीवरून येत होती आणि डग्गा देवघरातून. तबलजीचा उजवा हात एका भिंतीला, डावा दुसऱ्या कोपऱ्यात. कुमुद हसता हसता खालीच बसली. पण इतकी वर्षं मी काही नुसते गहू निवडले नव्हते, ह्यांची बडबड कानावर पडतच होती. अगदी खालचा आवाज कुठून येतो ते माणसाच्या कानाला सांगता येत नाही. तो जरा वर चढला की मात्र आपला पत्ता सांगून मोकळा होतो. डब्याच्या पाठीवर त्यासाठी दुसरं बटण होतं. ते मी मागे मागे घेत गेले, तसा डग्गा देवघर सोडून हळूहळू भिंतीवर आपल्या जोडीदाराशेजारी जाऊन बसला. आणखी एक खटका होता. तो एकीकडे केला की डग्गा पोकळ व्हायचा, दुसरीकडे केला की भरायचा. तो भरायच्या बाजूला ठेवला. राहिलं प्रमाण. ते आमटीतल्या हिंगासारखं असतं. घातलाय म्हणून कळता कामा नये, आणि घालायचा राहिला तर पहिल्या घासाला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसले. आमच्याकडे नवरात्रात देव हलवत नाहीत, देवघरातलं काही इकडचं तिकडे करत नाहीत. त्या कपाटाला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावणार नव्हतं. जागा मी उगीच नव्हती निवडली.

मधल्या दिवसांत एकदा मी देवळातून आरती करून आले तर हॉलमध्ये टेप चालू आणि हे डोळे मिटून पॅनेलसमोर बसलेले. मला बघताच बंद केली. पॅनेलचे दोष टिपून ठेवतोय, म्हणाले, वकिलांना सांगायला. मी जाळीच्या दारांकडे नजर टाकली. ती बंद होती, आणि चेहऱ्यावर त्यांनीही काही दाखवलं नाही.

रविवारी सकाळी मंडळी आली. वकिलांनी उपरण्याने अंतर मोजलं, खुर्ची वीतभर मागे घेतली आणि डोळे मिटले. मुजावर मास्तर देवघराजवळ सतरंजीवर बसले. कुमुद खास सांगलीहून चहा करायला आली होती. मी माझ्या खिडकीतल्या खुर्चीवर, कदाचित शेवटचंच म्हणून, जरा ताठ बसले.

भजन सुरू झालं. वकिलांच्या कपाळाला सुरुवातीला आठ्या होत्या, त्या एकेक करून गेल्या आणि उजवा पाय ठेका धरायला लागला. मुजावर मास्तर आपल्या डाव्या हाताच्या तळव्याकडे बघत होते, जणू तो कुणी परत आणून दिला होता. मी पदराने कपाळ पुसलं. जमलं होतं.

एवढ्यात वकील म्हणाले, आवाज वाढवा, समोर मैफल बसली आहे असं वाटू द्या. ह्यांनी वाढवला. आमच्या दोघींची सगळी चाचणी हळू आवाजातली, शेजारीपाजारी ऐकतील म्हणून. समेवर डग्गा पडला आणि देवघरातून आवाज आला, किण्.

वास्तुशांतीला कुमुदने दिलेली पितळेची लहानशी घंटा देवघराच्या कमानीला टांगलेली होती. पुढच्या समेला पुन्हा, किण्. स्वयंपाकघराच्या दारात कुमुद ट्रे घेऊन उभी होती, तिच्या हातातल्या कपबशा घंटेपेक्षा जास्त वाजत होत्या. मी उठायला लागले, तर वकिलांनी डोळे न उघडता हात वर केला.

"हलू नका वहिनी. मंजिरी आहे ही."

मंजिरी म्हणजे भजनाला धरतात ती चिमुकल्या टाळांची जोडी. मी होते तिथे बसले.

वकिलांनी आणखी दोन आवर्तनं ऐकली आणि टेप थांबवायला सांगितली. त्यांचा चेहरा एखादा हरवलेला साक्षीदार सापडावा तसा झाला होता. हेच भजन आपण तीस वर्षं त्या वाळूच्या खोक्यांवर ऐकत आलो, ते म्हणाले, आणि इतकी नाजूक मंजिरी त्यात आहे याचा पत्ता नव्हता. खोक्यांनी ती गिळली होती, या पातळ पॅनेलांनी ती सोडवून आणली. मग ते मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही तिथे तबल्याला होतात. मंजिरीवर कोण होतं?"

त्या मैफलीत तबला, पेटी आणि तंबोरा याखेरीज काही नव्हतं. हे मास्तरांना माहीत होतं आणि रेकॉर्ड करणाऱ्या ह्यांनाही. मास्तरांनी हातभर अंतरावरच्या त्या घंटेकडे पाहिलं. ती अजून किंचित हलत होती. मग ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रेकॉर्डिंग अण्णांचं आहे. त्यांनाच विचारा."

हे ॲम्प्लिफायरजवळ उभे होते. एक वाक्य बोलायचा अवकाश, जाळीची दारं उघडली असती आणि दसऱ्याला खोकी माझ्या खुर्चीच्या जागी आली असती. त्यांनी देवघराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. माझ्याकडे नाही, खिडकीकडे.

"होती एक बाई," हे म्हणाले.

"बाई?"

"हट्टी फार. नको म्हटलं तरी येऊन बसायची." मग जरा थांबून, "पण समेला चुकायची नाही."

मुजावर मास्तरांनी गंभीरपणे मान हलवली. "खरंय. मी तर तिच्या धाकानंच वाजवायचो."

वकिलांनी निकाल दिला. पॅनेल पास, खोकी बाद. वर असंही म्हणाले की त्या बाईंचं नाव शोधून काढलं पाहिजे, अशा गुणी माणसांची कुणी दखल घेत नाही. कुमुद तोंडाला पदर लावून आत गेली ती चहा ओततानाच दिसली.

दसऱ्याला घट उठले, देव हलवले, आणि हे बाहेर पेपर वाचतायत असं बघून मी कपाटाचं दार उघडलं. कुमुद डबा न्यायला येणार होती.

"ते राहू दे," पेपरामागून आवाज आला. "घंटा तेवढी दुसरीकडे टांग."

मी दार तसंच उघडं ठेवून बाहेर आले. "घंटेवरून कळलं का?"

"घटस्थापनेलाच कळलं. ॲम्प्लिफायर मी जोडला होता. माझ्या वायरींपेक्षा एक जास्त दिसली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"देव बसले होते." त्यांनी पान उलटलं. "आणि डग्गा बरोबर लागला होता. आवाज एक रेघ जास्त होता, तेवढं मला विचारायचंस."

त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा गाणं सुरू झालं.

खोकी बेडगच्या बाजूच्या एका भजनी मंडळाने नेली. उचलायला आलेल्या माणसांनी आधी वाळू उपसली, ती कुमुदने बागेत टाकली आणि व्हरांड्यात झोपाळा बांधला. ती आता पुण्यात लेकीकडे असते. आम्ही रोज फोनवर बोलतो. दोघींना कमी ऐकू येतं, त्यामुळे गुपित असं काही राहत नाही. अशय सिंगापूरचाच झाला. निमकर वकिलांनी त्याच्याकडूनच तसलीच पॅनेल मागवली आणि पुढे सहासात वर्षं तक्रार करत राहिले की आपल्याकडे मंजिरी लागत नाही. दोनदा ॲम्प्लिफायर बदलला, भिंत बदलली, लागली नाही ती नाहीच. ते गेले तेव्हा ह्यांना फार वाईट वाटलं. सांगून टाकायला हवं होतं का, म्हणाले. मुजावर मास्तर म्हणाले, छे, शोधण्यातच त्यांचा जीव रमला. मास्तर स्वतः ऐंशी उलटेपर्यंत येत राहिले. दारातून आत आले की आधी देवघराकडे बघायचे आणि विचारायचे, "बाई आहेत ना घरात?"

ह्यांचे पाय दोन हजार चौदाला थकले. फिरायला जाणं बंद झालं, वाचनालय बंद झालं. मग एके दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे माझ्या खुर्चीत. त्यानंतरची दोन वर्षं ती त्यांचीच झाली. गच्चीवरची सून आता सासू झाली होती, नवी सून आली होती, भोपळे तसेच. हे तासन् तास बघत बसायचे. एकदा मला हाक मारून म्हणाले, "एवढं असतं होय खिडकीतून बघायला? मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगत होते की," मी म्हटलं. "तुमचा डग्गा चालू होता."

हे हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, दुसरी खुर्ची आण, सरकून बसू.